एडी सेज्विक : दंतकथेखाली दबलेली अभिनेत्री

एडी सेज्विकवर आजवर भरपूर लिहिलं गेलं. तिचे रुपेरी रंगवलेले आखूड केस, लांब लोंबती कानातली, श्रीमंत घराणं, नशापाणी आणि १९७१ मध्ये अवघ्या २८व्या वर्षी आलेला मृत्यू, हे सगळं त्यात असतं. नसतो तो तिचा अभिनय. न्यूयॉर्कमध्ये चित्रकार अँडी वॉरहॉलच्या 'फॅक्टरी' या स्टुडिओत तिने १९६५ या एका वर्षात केलेलं काम पाहिलं, की ही उपेक्षा फार खटकते.

वॉरहॉल तेव्हा ऑरिकॉन कॅमेरा एका जागी रोवून १६ मिलिमीटरचं सुमारे ३३ मिनिटांचं अख्खं रीळ संपेपर्यंत चित्रण करायचा. मध्ये कट नाही, संकलनात चूक झाकायची सोय नाही. अर्धा तास नुसतं समोर असणं आणि तरी बघणाऱ्याला धरून ठेवणं सोपं नसतं. 'विनाइल'मध्ये तिला एकही संवाद नाही. पुरुषांच्या घोळक्यात ट्रंकेवर बसून ती सिगारेट ओढते, गाणं लागलं की बसल्या जागी हात नाचवते. पलीकडे छळाचा प्रसंग रंगलेला असतो, पण आपली नजर तिच्यावरून हलत नाही. 'ब्यूटी नं. २'मध्ये तर चौकटीबाहेरून वॉरहॉलचा सहकारी चक वाइन तिला टोचून टोचून प्रश्न विचारतो. हसण्यावारी नेणं, मग चिडणं, मग खरोखर दुखावणं हे सगळं तिच्या चेहऱ्यावर एकामागून एक उमटत जातं.

तिचं सर्वांत अवघड काम मला 'आउटर अँड इनर स्पेस'मध्ये दिसतं. आधी व्हिडिओवर चित्रित केलेला तिचाच चेहरा टीव्हीवर चालू आहे आणि त्याला खेटून बसलेली एडी कुणाशी तरी बोलते आहे. टीव्हीतली एडी जणू तिच्या कानाशी लागून बोलते. अशी दोन रिळं पडद्यावर शेजारीशेजारी दाखवली जातात, म्हणजे एकाच वेळी चार एडी. आवाज एकमेकांत मिसळल्याने शब्द फारसे कळत नाहीत. कळते ती तिची अस्वस्थता. स्वतःचाच आवाज कानावर आदळत असताना बोलण्याचा धागा न सोडण्याची तिची धडपड बघण्यासारखी आहे. लिहून दिलेल्या भूमिकेत असा कस क्वचितच लागतो.

मग हे काम लोकांपर्यंत का पोचलं नाही? १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला वॉरहॉलने आपले चित्रपट प्रदर्शनातून काढून घेतले. लोकांसमोर उरला तो तिच्या मृत्यूनंतर, १९७२ मध्ये आलेला 'चाओ! मॅनहॅटन'. तिच्याच आयुष्याच्या पडझडीवर उभा असलेला हा चित्रपट तिला भूमिका देण्याऐवजी तिची विपन्नावस्था दाखवत राहतो, आणि दंतकथा त्याच्यावरच पोसली गेली. पुढे १९८०च्या दशकात व्हिटनी आणि 'मोमा' या संग्रहालयांनी वॉरहॉलच्या चित्रपटांच्या जतनाचं काम हाती घेतलं, तेव्हा कुठे १९६५ची रिळं पुन्हा बघायला मिळू लागली. तोवर पुस्तकांतली आणि फॅशनच्या पानांतली एडी पक्की झाली होती.

एडीला अभिनेत्री म्हणून जोखायचं तर याच रिळांवर जोखावं लागेल. कुठल्या महोत्सवात किंवा संग्रहालयात 'आउटर अँड इनर स्पेस' लागला, तर दोन्ही रिळं शेजारीशेजारी, मोठ्या पडद्यावर, शेवटपर्यंत बघा. मोबाइलवरच्या दोन मिनिटांच्या तुकड्यात केस आणि कानातलीच तेवढी दिसतात.