‘राजी’चा शेवट

पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या मंडळींनीं रचलेला ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ (२०२०) हा व्हिडिओ गेम अकस्मात् संपतो, हा आक्षेप आम्हांसहि मान्य आहे. हरवलेल्या भावाच्या शोधार्थ निघालेली मुलगी, राजस्थानी धाटणीचे महाल, छायाबाहुल्यांतून उलगडणारी कथा, हें सारें इतक्या ममतेनें घडविलें असतां शेवटींच हात कां आखडला? आम्हांस वाटतें, उत्तर थैलींत आहे. २०१७ सालीं किकस्टार्टरवर मागितलेली लोकवर्गणी उद्दिष्टास पोंचली नाहीं; आणि तेथील नियमच असा, कीं उद्दिष्ट हुकल्यास एक पैहि हातीं पडत नाहीं! पुढें एपिक गेम्सचें अनुदान व परदेशी प्रकाशक लाभले, तेव्हां काम तडीस गेलें. आम्ही तरी नागपुरास बसून काय केलें? किंमत उतरेपर्यंत खेळ घेतलाच नाहीं.