तपासणारी ओळ

कोडमध्ये एका ऑब्जेक्टच्या डोक्यावर कमेंट आहे: तिरकी रेघ, दोन तारका, ‘ॲट सॅटिसफाइज’ आणि महिरपी कंसात ‘ईएसलिंट डॉट प्लगिन’. प्रोग्राम चालतो तेव्हा ही ओळ काहीच करत नाही. ती पुसून टाकली तरी प्लगिनचे सगळे नियम पूर्वीसारखेच चालतील. तरीही टाइप-व्याख्यांची जी दुरुस्ती या ओळीमुळे साधते, तिच्याइतके नेमके काम मला कोडमध्ये क्वचितच वाचायला मिळाले आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. कोड न चालवता त्यातल्या चुका दाखवणारे ‘लिंट’ १९७८ साली बेल लॅब्जमध्ये स्टीफन जॉन्सन यांनी सी भाषेसाठी लिहिले. जावास्क्रिप्टसाठी निकोलस झाकास यांनी २०१३ साली ईएसलिंट सुरू केले. त्याचे बळ प्लगिनमध्ये आहे, कारण नवा नियम कोणालाही लिहिता येतो. बरेच प्लगिन साध्या जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेले असतात आणि ते वापरणाऱ्यांकडे मात्र टाइपस्क्रिप्ट, म्हणजे किमतींचे प्रकार तपासणारी जावास्क्रिप्ट, असते. २०१९च्या ३.७ आवृत्तीपासून टाइपस्क्रिप्ट जावास्क्रिप्टची फाइल वाचून तिच्या टाइप-व्याख्या, म्हणजे कोणत्या जागी कोणत्या प्रकारची किंमत येते याचे वर्णन, स्वतःच काढून देऊ लागले. लेखकाने काही सांगितलेले नसले, की ते कोडवरून आडाखा बांधते.

आडाखा हुशार असतो, पण सावध असतो. प्लगिनमधल्या प्रत्येक नियमाला आपली जात सांगता येते, आणि ईएसलिंटला तिथे तीनच शब्द चालतात: ‘प्रॉब्लेम’, ‘सजेशन’ आणि ‘लेआउट’. लेखकाने ‘प्रॉब्लेम’ असे चोख लिहिलेले असते. पण ऑब्जेक्टमधली किंमत पुढे कोणी बदलू शकतो, म्हणून टाइपस्क्रिप्ट व्याख्येत लिहिते: इथे एक स्ट्रिंग आहे. उल्हासनगरच्या कारखान्यातून निघालेल्या जीन्सवर ‘कंबर ३२’ऐवजी ‘कंबर: एक आकडा’ अशी चिठ्ठी लागावी, तसे हे झाले. चिठ्ठी खोटी नाही, पण तिच्या भरवशावर गिऱ्हाइकाला पँट देता येत नाही. ईएसलिंटच्या प्लगिनच्या साच्यातही अशी व्याख्या बसत नाही आणि टाइपस्क्रिप्ट ती नाकारते. नियम लागू करताना लिहायची ‘एरर’ ही तीव्रता आणि तिच्यामागे येणारे पर्याय यांच्या जोडीचेही तेच होते. पहिल्या जागी काय आणि दुसऱ्या जागी काय हा क्रमच व्याख्येतून हरवतो, आणि उरते ती नुसती सरमिसळ यादी.

सर्वांत बोलका बिघाड कॉन्फिगचा, म्हणजे कोणते नियम लागू करायचे हे सांगणाऱ्या मांडणीचा. ‘रेकमेंडेड’ या तयार कॉन्फिगमध्ये प्लगिनला स्वतःचाच उल्लेख करावा लागतो, आणि स्वतः पुरते तयार होण्याआधी तो करता येत नाही. म्हणून लेखक आधी ‘कॉन्फिग्ज’ रिकामे ठेवतो आणि खालच्या ओळीत भरतो. आडाख्याला मात्र वरचा रिकामा कंसच दिसतो. मग अंबरनाथमधली एखादी मुलगी आपल्या प्रकल्पात ‘रेकमेंडेड’ लिहिते आणि त्याखाली लाल नागमोडी रेघ उमटते: असे काही अस्तित्वातच नाही. तिचा कोड बरोबर असतो, प्लगिनही बरोबर असतो, चुकलेले असते ते फक्त प्लगिनचे वर्णन. नवशिक्याला याहून गोंधळात टाकणारे काय असेल?

दुरुस्तीचे सोपे मार्ग दोन आहेत. पहिला ‘एनी’ लिहून तपासणीच बंद करण्याचा, त्यावर बोलावे असे काही नाही. दुसरा प्रामाणिक आहे: ‘हा ईएसलिंटचा प्लगिन आहे’ असे ‘ॲट टाइप’ने जाहीर करणे. त्याने तक्रार मिटते, पण या प्लगिनची स्वतःची ओळखही जाते. त्यात ‘रेकमेंडेड’ नक्की आहे हे टाइपस्क्रिप्ट विसरते आणि ‘असेल किंवा नसेल’ असे सांगू लागते.

‘सॅटिसफाइज’ टाइपस्क्रिप्टमध्ये नोव्हेंबर २०२२मध्ये आले आणि कमेंटमधून वापरण्याची सोय मार्च २०२३च्या ५.० आवृत्तीत झाली. ते ऑब्जेक्टला प्लगिनच्या साच्यावर घासून पाहते, पण त्याचा स्वतःचा तपशील शाबूत ठेवते. अपेक्षा काय आहे हे समोर असल्याने ‘प्रॉब्लेम’ची स्ट्रिंग होत नाही आणि जोडीचा क्रमही टिकतो.

आडाखा असा ज्ञात गोष्टींवर घासून पाहण्याचे उदाहरण अंबरनाथच्या शिवमंदिरातच आहे. तिथल्या शिलालेखाचे साल भाऊ दाजी लाड यांनी शके ७८२ असे वाचले होते. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ते ९८२, म्हणजे इ.स. १०६० असे दुरुस्त केले. लेखात नाव मांवाणीचे, म्हणजे मुम्मुणी या शिलाहार राजाचे आहे आणि त्याचा एक ताम्रपट शके ९७१चा आहे. उलट ७८२ हे साल त्याच घराण्यातल्या दुसऱ्या कपर्दीच्या, शके ७७५ आणि ७९९च्या कान्हेरी लेखांच्या दरम्यान पडते. दगडावरचे अक्षर तेच राहिले, फक्त वाचन सुधारले.

‘कॉन्फिग्ज’च्या रिकाम्या कंसाला मात्र ‘सॅटिसफाइज’ची ओळ पुरत नाही, आणि मला खरी कारागिरी तिथे दिसते. पहिल्यांदा सुचते ते असे, की नियम आणि कॉन्फिग एकत्र करून नवा ऑब्जेक्ट बनवावा. टाइप सुधारतील, पण ‘रेकमेंडेड’च्या आत जुना ऑब्जेक्ट राहील. मग ज्याने प्लगिन वेगळाही नोंदवला आहे, त्याला ईएसलिंट ‘हा प्लगिन पुन्हा नोंदवता येत नाही’ म्हणून थांबवेल. जाणकार लेखक रिकामे ‘कॉन्फिग्ज’ काढून टाकतो आणि ‘ऑब्जेक्ट डॉट असाइन’ने भरलेले कॉन्फिग मूळ प्लगिनलाच जोडतो. या फंक्शनमधून परत येतो तो तोच ऑब्जेक्ट, पण टाइप येतो दोन्ही भागांचा मिळून. लेखक ते उत्तरच निर्यात करतो. चालणारा कोड आणि त्याचे वर्णन एकाच वाक्यात एकमेकांशी जुळतात. दुरुस्ती करताना कोणाचा चालता प्रकल्प मोडू नये, ही काळजी मला या रचनेत सर्वांत मोलाची वाटते.

बदलापूरहून रोज लोकलने ऐरोली-महापेच्या कंपन्यांत जाणाऱ्यांना आणि उल्हासनगरच्या कॉलेजांत कोड शिकणाऱ्यांना माझी विनंती आहे. आपण वापरता त्या एखाद्या प्लगिनची टाइप-व्याख्यांची ‘डॉट डी डॉट टीएस’ फाइल एकदा उघडून सावकाश वाचा. जिथे नुसते ‘स्ट्रिंग’ दिसेल, तिथे प्रत्यक्षात किती शब्द चालतात ते पाहा, आणि व्याख्या सैल सापडली तर दुरुस्ती लिहून प्लगिनच्या लेखकाकडे पाठवा.