गुलाबलालसिंग आणि तीनशे खुर्च्या

फराळाच्या ताटाशेजारी एखादी गूढकथा हवीच, असे मानणाऱ्या वाचकांस मी दोन जुनी पुस्तके सुचवितो. काळ एकच, बिऱ्हाडही एकच; सांगणारे मात्र दोघे.

न्यूयॉर्कात १८७५ साली थिऑसॉफिकल सोसायटी स्थापन करणाऱ्या मादाम ब्लाव्हाट्स्की व कर्नल ऑल्कट १८७९ च्या फेब्रुवारीत मुंबईस आले. साहेबी वस्ती टाळून गिरगाव बॅक रोडवर राहिले. दारात पंडित, व्यापारी, विद्यार्थी यांची वर्दळ; पाठीवर रशियन हेर म्हणून पोलिसांची पाळत! त्याच ऑक्टोबरात ‘थिऑसॉफिस्ट’ मासिक निघाले. १८८२ च्या अखेरीस मंडळी मद्रासजवळ अड्यारला गेली.

बाईंनी या दिवसांवर मॉस्कोच्या वर्तमानपत्रात रशियनमध्ये लिहिले. त्याचे इंग्रजी पुस्तक १८९२ साली निघाले. मुंबई, कार्ल्याची वाट, लेणी वर्णिताना त्यांचा डोळा अस्सल कादंबरीकाराचा आहे. पण गुलाबलालसिंग नावाचा सिद्धिसंपन्न रजपूत आला, की बाकीची पात्रे आ वासून उभी राहतात. चमत्काराला माझी हरकत नाही. ज्ञानोबांची भिंत आपण चालविलीच आहे. हरकत ही, की या चमत्काराने माणसे निकामी होतात.

ऑल्कटांच्या आठवणींत चमत्कारांवर भाबडी श्रद्धा पुष्कळ. तरी एक प्रसंग त्यांनी खचित जिवंत केला आहे. यजमान हरिश्चंद्र चिंतामणी यांनी थाटात स्वागत केले आणि मग बिल हाती ठेवले: घरभाडे, जेवणखाण, स्वागतसभेच्या तीनशे खुर्च्या, एवढेच काय, स्वतः पाठविलेल्या तारेचा खर्चसुद्धा! हिमालयातील महात्म्यांच्या शोधात आलेल्या पाहुण्यांना गिरगावाने असा हिशेब दाखविला. मला गुलाबलालसिंगापेक्षा या खुर्च्या अधिक खऱ्या वाटतात.

हा केवळ वाङ्मयीन आवडीनिवडीचा प्रश्न नव्हे. आमच्या नांदेड-लातूरकडे साप चावलेल्या माणसाला दवाखान्यात न्यावे की मांत्रिकाकडे, असा घरात खल होतो, तेव्हा उंबऱ्यावर हाच गुलाबलालसिंग उभा असतो. अशा माणसाला उपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा ठरविले आहे. पण कायदा घरात शिरण्याआधी गोष्ट शिरते. म्हणून दोन्ही पुस्तके घरातल्या मुलांना वाचून दाखवा, आणि प्रत्येक चमत्कारानंतर थांबून विचारा, “बाकीची माणसे या वेळी काय करीत होती?”