कौल दुसऱ्यांदा लावावा काय?

आमच्या कोंकणांत व गोव्यांत देवास कौल लावण्याची चाल आहे. मूर्तीच्या अंगास ओल्या पाकळ्या लावावयाच्या, गुरवानें यजमानाच्या वतीनें गाऱ्हाणें घालावयाचें, आणि मंडळींनीं श्वास रोखून पाहत बसावयाचें. उजवी पाकळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. डावा कौल मिळाला म्हणजे यजमानाचें तोंड उतरतें आणि “पुन्हां एकदां लावून पाहा” असें तो हळूच म्हणतो; हें दृश्य ज्यानें पाहिलें नाहीं असा कोंकणी वाचक विरळाच. जाणता गुरव अशा वेळीं रागावत नाहीं. प्रश्न तोच आहे कीं दुसरा, एवढेंच तो विचारतो.

ब्रिटनमधील सार्वमताच्या वादाचें साहित्य वाचतांना आम्हांस या गुरवाची आठवण वारंवार झाली. २३ जून २०१६ रोजीं त्या देशानें युरोपीय संघांत राहावें कीं बाहेर पडावें, याविषयीं जनतेचा कौल घेण्यांत आला. बाहेर पडण्याच्या बाजूनें १,७४,१०,७४२ मतें पडलीं, राहण्याच्या बाजूनें १,६१,४१,२४१. फरक पावणेतेरा लाखांच्या आसपास. शेंकड्यांत सांगावयाचें तर सुमारें ५२ विरुद्ध ४८. त्यानंतर साडेतीन वर्षें तें राष्ट्र एकाच गोष्टीवर भांडत राहिलें. पुन्हां मत घ्यावें कीं घेऊं नये? घरांघरांत बापलेकांचें बिनसलें, जुन्या पक्षांत फूट पडली, आणि ज्या पार्लमेंटकडे आमच्या पिढ्यांनीं आदर्श म्हणून पाहिलें तिला आपण काय ठरवीत आहों हेंच कळेनासें झालें. वाद परका असला तरी त्यांतील पेंच परका नाहीं. त्याचें कारण पुढें येईलच.

प्रथम दोन्ही पक्षांच्या युक्तिवादांचें परीक्षण करूं. “जनतेनें एकदां सांगितलें तें सांगितलें, पुन्हां विचारणें हा तिचा अपमान” हें बाहेर पडूं पाहणारांचें मुख्य म्हणणें. ऐकावयास तें भारदस्त वाटतें, परंतु ब्रिटिश जनतेस हा प्रश्न २०१६ सालीं पहिल्यांदा विचारला गेला नव्हता. ५ जून १९७५ रोजीं, त्या वेळच्या युरोपीय समाईक बाजारपेठेंत राहावें कीं नाहीं यावर मत घेतलें गेलें होतें व ६७ टक्क्यांहून अधिक मतें राहण्याच्या बाजूनें पडलीं होतीं. एकदां दिलेला कौल कायमचा, असें मानावयाचें तर २०१६ चें सार्वमतच गैर ठरतें. शिवाय बाहेर पडण्याच्या चळवळीचे पुढारी नायजेल फराज यांनीं मतदानापूर्वीं, मे महिन्यांत, स्वतःच बोलून दाखविलें होतें कीं आपण ५२-४८ अशा फरकानें हरलों तर प्रकरण मिटलें असें होणार नाहीं. याहून गंमत अशी कीं, अपुऱ्या बहुमतानें निकाल लागल्यास पुन्हां मतदान घ्यावें असा पार्लमेंटकडे जो अर्ज पुढें चाळीस लाखांहून अधिक लोकांच्या सह्यांनीं गाजला, तो मतदानाच्या आधीं बाहेर पडण्याच्या बाजूच्याच एका गृहस्थानें, आपण हरणार या भीतीनें, दाखल केला होता. जिंकल्यावर त्याला त्याचा पश्चात्ताप झाला. हरणाऱ्याला दुसरा कौल हवासा वाटतो आणि जिंकणाऱ्याला पहिला पवित्र वाटतो. या बाबतींत दोन्ही पक्ष एकाच मातीचे आहेत.

दुसऱ्या पक्षाचीहि भाषा आम्हांस रुचली नाहीं. त्यांनीं आपल्या मागणीस “लोकांचें मत” असें नांव दिलें. मग २०१६ सालीं मत देणारे ते पावणेदोन कोटी कोण होते? ज्या गांवांतील गिरण्या व खाणी बंद पडून पिढी उलटली, त्यांतील मतदारांनीं हें नांव ऐकून काय समजावें? “मतदारांची फसवणूक झाली” हें त्यांचें दुसरें म्हणणें. फसवणूक झाली, यांत संशय नाहीं. आठवड्यास पस्तीस कोटी पौंड वांचतील असें मोटारबसवर रंगवून गांवोगांव फिरविलें गेलें, आणि हा आंकडा दिशाभूल करणारा आहे असें त्या देशाच्या सरकारी आंकडेतपासणी संस्थेनेंच सांगितलें. परंतु प्रचारांतील असत्य हें पुन्हां मतदान घेण्यास पुरेसें कारण मानलें, तर जगांतील कोणतीहि निवडणूक एकदां घेऊन भागणार नाहीं. आणि कांहीं विद्वानांनीं “२०१६ नंतर इतके वृद्ध मतदार वारले, इतके तरुण वयांत आले, तेव्हां बहुमत आतां आमचें” असा जो हिशेब मांडला, तो वाचून आम्हांस शिसारी आली. आजोबांच्या तिरडीवर निकालाची बेरीज मांडणारा पक्ष नातवंडांचीहि मनें जिंकील असें वाटत नाहीं.

इतकें असूनहि दुसरें मतदान घ्यावयास हवें होतें, असें आमचें मत आहे. त्याचें कारण गुरवाच्या प्रश्नांत आहे.

२०१६ च्या मतपत्रिकेवर दोन पर्याय होते. त्यांपैकीं “राहावें” या पर्यायास रूप होतें. राहिल्यास काय होणार हें चालू दिवसावरूनच दिसत होतें. “बाहेर पडावें” याला रूप नव्हतें, केवळ नांव होतें. नॉर्वेप्रमाणें संघाबाहेर राहून त्याच्या बाजारपेठेंत असावयाचें, कीं कॅनडाप्रमाणें नुसता व्यापारी करार करावयाचा, कीं कांहींच करार न करतां दार आपटून निघून जावयाचें? मत देणाऱ्यांत या तिन्ही प्रकारचे लोक होते आणि प्रत्येकानें आपलें मत आपल्याच अर्थानें टाकलें. नव्या पंतप्रधान थेरेसा मे यांस अर्थ विचारला असतां त्यांनीं “ब्रेक्झिट म्हणजे ब्रेक्झिट” असें उत्तर दिलें. शब्दाची व्याख्या विचारल्यावर तोच शब्द मोठ्यानें उच्चारणाऱ्या विद्यार्थ्यास आमच्या मास्तरांनीं बांकावर उभें केलें असतें.

नोव्हेंबर २०१८ मध्यें या नांवाला प्रथमच रूप आलें. संघाशीं ठरलेला पांचशेंहून अधिक पानांचा करार प्रसिद्ध झाला आणि आयर्लंडच्या सरहद्दीचें काय, पैसे किती द्यावयाचे, कोणाचे कायदे किती दिवस पाळावयाचे, हें सर्व कागदावर दिसूं लागलें. तें दिसतांच बाहेर पडण्याची प्रतिज्ञा केलेल्यांपैकींच अनेक जण म्हणूं लागले, हें आम्हीं मागितलेलेंच नाहीं. कॉमन्स सभेनें तो करार तीन वेळां फेटाळला. पहिल्यांदा, १५ जानेवारी २०१९ रोजीं, तब्बल २३० मतांच्या फरकानें. म्हणजे सभेस एकच ठराव तीनदां विचारतां येतो, आणि जनतेस दुसऱ्यांदा विचारणें मात्र पाप! करार पुढें आल्यावरचा प्रश्न हा २०१६ चा प्रश्न नव्हता. घर विकावें कीं नाहीं हें एक. अमुक किंमतीस, अमुक अटींवर, अमुक गिऱ्हाइकास विकावें कीं नाहीं हें दुसरें. पहिल्यास हो म्हणणारा मनुष्य दुसऱ्यास नाहीं म्हणाला तर त्यास कोणी लबाड म्हणत नाहीं.

या दृष्टीनें इतर देशांचे दाखले पाहण्यासारखे आहेत. डेन्मार्कनें २ जून १९९२ रोजीं मास्ट्रिख्टचा करार अगदीं थोड्या मतांनीं नाकारला. मग सरकारनें समाईक चलन, संरक्षण इत्यादि बाबतींत सवलती मिळविल्या आणि १८ मे १९९३ रोजीं त्या सवलतींसह करार पुन्हां पुढें ठेवला, ५६.७ टक्के मतदारांनीं तो मान्य केला. येथें प्रश्न खरोखर बदलला होता. आयर्लंडनें २००८ सालीं लिस्बनचा करार नाकारला व २००९ सालीं मान्य केला. तेथें मिळालेलीं आश्वासनें डेन्मार्कइतकीं भरीव नव्हतीं, तरी कांहीं बदल होता. “होकार येईपर्यंत विचारीत राहावयाचें आणि होकार येतांच थांबावयाचें, ही संघाची खोड” असा आक्षेप यावर घेतात. तो अगदींच पोकळ नाहीं. परंतु फ्रान्स व हॉलंड यांचें काय झालें? २००५ सालीं तेथील मतदारांनीं युरोपची राज्यघटना स्पष्ट बहुमतानें झिडकारली. त्यांस दुसऱ्यांदा कोणीं विचारलें नाहीं. त्या घटनेंतील बहुतेक मजकूर लिस्बनच्या करारांत घालून तो लोकप्रतिनिधींकडून मंजूर करून घेतला. पुन्हां विचारण्यांत अपमान असेल, तर न विचारतां करण्यांत त्याहून मोठा आहे.

ब्रिटनमधील लिबरल डेमोक्रॅट पक्षाचीहि येथें आठवण होते. युरोपविषयीं दुसरें सार्वमत हवें म्हणून या पक्षानें आकाशपाताळ एक केलें. परंतु स्कॉटलंडनें २०१४ सालीं स्वातंत्र्यास नकार दिल्यानंतर, आणि युरोपच्या सार्वमतांत तेथील ६२ टक्के मतें राहण्याच्या बाजूनें पडल्यानंतर, “आतां परिस्थिति बदलली, आम्हांस पुन्हां विचारा” असें स्कॉटिश राष्ट्रीय पक्ष म्हणूं लागला, तेव्हां याच लिबरलांनीं एकदां लागलेल्या निकालाचें पावित्र्य सांगितलें.

दुसऱ्यांस हंसणें सोपें असतें. म्हणून आतां आमच्याच अंगणांतील गोष्ट. १९६३ च्या डिसेंबरांत गोव्याची पहिली विधानसभा निवडली गेली. महाराष्ट्रांत विलीन होऊं पाहणाऱ्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचे दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाले आणि सभेनें विलीनीकरणाचा ठरावहि केला. महाराष्ट्रांत पुष्कळांनीं तो निकालच मानला. परंतु जॅक सिक्वेरा यांचा युनायटेड गोवन्स पक्ष व इतर विरोधक म्हणाले, सरकार निवडणें निराळें व प्रांताचें भवितव्य ठरविणें निराळें. तें जनतेस थेट विचारा. हरलेल्या बाजूनेंच पुन्हां विचारण्याची मागणी केली, हें लक्षांत ठेवावें. ती मान्य झाली. निष्पक्षपातासाठीं बांदोडकरांचें मंत्रिमंडळ डिसेंबर १९६६ मध्यें पायउतार झालें आणि १६ जानेवारी १९६७ रोजीं जनमत कौल घेतला गेला. विलीनीकरणास फूल, संघप्रदेश राहण्यास दोन पानें, अशीं चिन्हें होतीं. शेंकडा ऐशींहून अधिक लोकांनीं मत दिलें. फुलास १,३८,१७० मतें पडलीं, दोन पानांस १,७२,१९१. फरक ३४,०२१.

यानंतर जें घडलें तें राज्यशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्यानें अभ्यासावें असें आहे. त्याच वर्षीं मार्चांत विधानसभेची निवडणूक झाली आणि त्याच जनतेनें बांदोडकरांच्या पक्षास पुन्हां बहुमत दिलें. आमच्या परिचयाचे एक वृद्ध गृहस्थ तेव्हां मोठ्या उमेदीनें म्हणत होते, “बघा, लोकांचें मन बदललें, आतां पुन्हां कौल घ्या.” पेडण्याकडील त्यांच्या व्याह्यांनीं शांतपणें उत्तर दिलें, “व्याहीबुवा, आम्हांला भाऊसाहेब हवे होते. मुंबईचा कारभार नको होता.” गृहस्थ कित्येक दिवस व्याह्यांशीं नीट बोलले नाहींत. आम्हां मराठी भाषकांस तो कौल लागला, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. ज्या भूमीचीं देवळें, भजनें व नाटकें आपलीं मानलीं, तिनें आपणांस नकार दिला असें पुष्कळांस वाटलें. तरी दुसरा कौल झाला नाहीं, आणि होऊं नये हेंच योग्य होतें. कारण दोन्ही पर्यायांस रूप होतें. संघप्रदेश म्हणजे काय तें लोक रोज अनुभवीत होते, आणि महाराष्ट्र राज्य म्हणजे काय तें शेजारच्या सावंतवाडींत जाऊन पाहतां येत होतें. प्रश्न तोच राहिला होता. फक्त उत्तर आम्हांस आवडलें नव्हतें. बांदोडकर १९७३ सालीं मृत्यु येईपर्यंत मुख्यमंत्री राहिले. ३० मे १९८७ रोजीं गोवा हें स्वतंत्र घटक राज्य झालें.

गोव्याचा हा दाखला ब्रिटनच्या दोन्ही पक्षांस अडचणीचा आहे. १२ डिसेंबर २०१९ च्या निवडणुकींत बोरिस जॉन्सन यांच्या पक्षानें ३६५ जागा जिंकल्या, तेव्हां “जनतेनें पुन्हां तेंच सांगितलें” असा डंका पिटला गेला. प्रतिपक्षानें बेरीज करून दाखविलें कीं दुसऱ्या सार्वमतास अनुकूल अशा पक्षांचीं मतें एकत्र केलीं तर तीं निम्म्याहून अधिक भरतात. दोन्ही हिशेब चुकीचे. निवडणुकींत मनुष्य पुढाऱ्यास मत देतो, करांस देतो, दवाखान्यांस देतो, कधीं केवळ समोरच्याच्या रागानें देतो; त्यांतून एका प्रश्नाचें उत्तर पिळून काढतां येत नाहीं. व्याह्यांनीं हें एका वाक्यांत सांगितलें होतें.

खरी संधि त्याआधींच गेली होती. १ एप्रिल २०१९ रोजीं, कोणताहि करार जनतेच्या संमतीवांचून अमलांत येऊं नये हा ठराव कॉमन्स सभेंत २८० विरुद्ध २९२ मतांनीं पडला. अवघ्या बारा मतांचा प्रश्न. मागणी करणाऱ्यांनीं पहिला कौल खोटा ठरविण्याचा नाद सोडून, “तुमचा कौल शिरोधार्य, आतां त्याचें हें रूप पाहा व सांगा” एवढेंच म्हटलें असतें, तर तीं बारा मतें मिळालीं असतीं असा आमचा तर्क आहे. अर्थात् त्यांतहि पुन्हां हरण्याची तयारी ठेवावी लागली असती. ती फारच थोड्यांच्या ठिकाणीं दिसली.

३१ जानेवारी २०२० च्या रात्रीं अकरा वाजतां ब्रिटन संघांतून बाहेर पडलें. त्यानंतरच्या बहुतेक लोकमत-चाचण्यांत, तो निर्णय चुकला असें म्हणणारांची संख्या अधिक दिसते, आणि त्या आधारें पुन्हां मतदानाची भाषा अधूनमधून कानीं येते. परंतु आतां विचारावयाचा प्रश्न २०१६ चाहि नाहीं व २०१९ चाहि नाहीं. जुन्या सभासदत्वांतील वर्गणीची सूट आतां परत मिळेलच असें नाहीं. युरो चलनाचें काय, सरहद्दीवरील तपासणीचें काय, हें सर्व नव्यानें ठरवावें लागेल. पुन्हां आंत जावयाचें तें कोणत्या अटींवर, याचा कागद मतदारापुढें अद्याप कोणीं ठेवलेला नाहीं.