छपराकडे कुणी बघत नाही

पनवेलला व्हिक्टोरियन रेल्वे स्थानक नाही, आणि असायचं काही कारणही नव्हतं. 1853 साली बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली, पुढे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेनं कल्याण-कर्जतची वाट धरली आणि 1863 साली भोर घाट चढून पुण्याचा मार्ग मोकळा केला. तोवर मुंबईचा माणूस पनवेलच्या बंदरात उतरून घाटाकडे निघायचा. आगगाडीनं या बंदरालाच वळसा घातला. पनवेलला रूळ पोचले ते स्वातंत्र्यानंतर, दिव्याकडून. लोकल आली 1998 साली. लोखंडी छपरांचं युग तोवर कधीच सरलं होतं.

त्यामुळे पनवेलकराला हे स्थापत्य भेटतं ते हार्बर मार्गाच्या दुसऱ्या टोकाला, सीएसएमटीला, म्हणजे जुन्या बोरीबंदरला.  

फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सनं रचलेल्या या इमारतीचं काम 1878 ते 1888 असं दहा वर्षं चाललं. खर्च सुमारे 16 लाख रुपये. सहायक अभियंता होते सीताराम खंडेराव वैद्य. कोरीवकाम, लाकूडकाम, लोखंडी आणि पितळी कठडे यांत मुंबईच्या कला विद्यालयाच्या विद्यार्थ्यांचा हात होता. घुमटावर प्रगतीची पुतळी, फाटकाशी सिंह आणि वाघ. 2004 साली ही इमारत जागतिक वारसा यादीत गेली. हे सगळं आपण शंभरदा वाचलेलं असतं. आणि शंभरपैकी नव्याण्णव वेळा हे सगळं दर्शनी भागाबद्दल असतं. गाड्या ज्या छपराखाली थांबतात, त्याबद्दल एक ओळसुद्धा नसते.

खरं तर स्थानकांच्या या कलेचे कर्ते दोन. पुढचा भाग वास्तुरचनाकाराचा, मागचा अभियंत्याचा. लंडनच्या सेंट पँक्रस स्थानकात 1868 साली विल्यम बार्लो आणि रोलंड ऑर्डिश यांनी सुमारे 240 फुटांचा गाळा मध्ये एकही खांब न घेता एका कमानीत झाकला. फलाटाखालच्या तळघरातले खांब किती अंतरावर, हे ठरलं बर्टनहून येणाऱ्या बिअरच्या पिंपांच्या मापावरून. जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटचं लाल विटांचं हॉटेल पुढे नंतर उभं राहिलं. बोरीबंदरची तुलना नेहमी या हॉटेलशी होते, छपराशी नाही, आणि त्यात आश्चर्य नाही. इमारत म्हणून बोरीबंदर असामान्य आहे. पण त्या कमानीच्या तोडीचं छप्पर मुंबईत त्या दगडी मुखामागे नाही. मुंबईत वास्तुरचनाकार जिंकला, अभियंत्यानं मुकाट्यानं काम केलं.

काचेचं तर बोलायलाच नको. लंडनच्या मळभात काचेचं छप्पर म्हणजे उजेडाची सोय. कोकणपट्टीच्या एप्रिलमध्ये तीच भट्टी. शिवाय वाफेच्या इंजिनांचा धूर आणि चार महिन्यांचा पाऊस. म्हणून इकडे लोखंड आलं, काच मात्र रंगीत तावदानांपुरती राहिली. तिची जागा पन्हळी पत्र्यानं घेतली. ‘लोखंड आणि काच’ या जोडीचं मुंबईतलं रूप ‘लोखंड आणि पत्रा’ असं आहे, आणि मला ते नक्कल वाटत नाही. हवामान ओळखून केलेला तो बदल आहे.

त्याच ऑर्डिशचं लोखंड मुंबईत आलं, पण स्थानकासाठी नव्हे. काळा घोड्याजवळचं वॉटसन्स हॉटेल त्याचं. सांगाडा इंग्लंडात ओतला, जहाजानं आणला, इथे जोडला. 1869 साली काम पुरं. 1896 च्या जुलैत ल्युमिए बंधूंची हलती चित्रं मुंबईनं पहिल्यांदा पाहिली ती तिथेच. 2005 साली या इमारतीच्या गच्च्यांचा भाग कोसळला, आणि आता वर्षानुवर्षं पाडायची की टिकवायची हा घोळ चालू आहे. दर्शनी दगड नसलेल्या लोखंडाला आपल्याकडे वाली नसतो, याचा याहून उघड पुरावा मला ठाऊक नाही.

जवळून बघायचं असेल तर जुन्या फलाटावरचा बिडाचा एखादा खांब निवडा. वर पानांची नक्षी असते, पण रंगाचे इतके थर बसलेले असतात की पानाच्या शिरा बुजून ते नुसतं बोंड दिसतं. तळाशी, जिथे फलाट धुतल्यावर पाणी साचतं, तिथे गंजाचे पापुद्रे सुटतात. आडगावच्या स्थानकांवर याहून साधा प्रकार दिसतो: निकामी रूळ उभे करून, माथ्याशी वाकवून केलेले खांब. कधी कधी रुळाच्या पोटावर विलायती कारखान्याचं नाव आणि साल उठावात वाचता येतं. काटकसरीतून आलेली ही रचना मला बोरीबंदरच्या गार्गॉयलांइतकीच आवडते. भायखळ्याच्या जुन्या स्थानकाची नीट डागडुजी झाली आणि 2022 साली युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक पुरस्कार मिळाला; म्हणजे हे जमतच नाही असं नाही.

नवी मुंबईत सिडकोनं दुसरी वाट घेतली. मानखुर्दपुढच्या मार्गाचा सुमारे दोन तृतीयांश खर्च उचलला आणि वाशी, बेलापूरसारखी भव्य स्थानकं काँक्रीटमध्ये बांधली, वर कार्यालयांचे गाळे काढले. त्यांना कुणी सुंदर म्हणत नाही. मी म्हणतो, निदान गाडीची वाट बघणाऱ्याचा विचार तिथे आधी झाला. रेषेच्या शेवटी असलेल्या पनवेलपर्यंत तो भव्यपणा पोचला नाही. इथे फलाट आहे, छप्पर आहे, पादचारी पूल आहे. स्थापत्य म्हणावं असं काही शोधावं लागतं.

गंमत अशी की पोलाद आणि काच आता पनवेल तालुक्यात आली आहे, पण नवी मुंबईच्या विमानतळावर. 8 ऑक्टोबर 2025 रोजी उद्घाटन झालेली ती इमारत वास्तुरचनाकार झाहा हदीद यांच्या संस्थेची. कमळाच्या पाकळ्यांसारखे पसरणारे खांब आणि त्यांवर तोललेलं विस्तीर्ण छत. वातानुकूलन आल्यावर इथल्या उन्हातही काच परवडते. जे धाडस दीडशे वर्षांपूर्वी तिसऱ्या वर्गाच्या उतारूच्या डोक्यावर होत असे, ते आता बोर्डिंग पास असणाऱ्याच्या डोक्यावर होतं.

रेल्वेकडे पैसा नाही असंही नाही. सप्टेंबर 2022 मध्ये नवी दिल्ली, अहमदाबाद आणि सीएसएमटी या तीन स्थानकांच्या पुनर्विकासाला सुमारे 10,000 कोटी रुपये मंजूर झाले. पण स्थानकांच्या अशा योजनांची जी चित्रं वर्तमानपत्रांत छापून येतात, ती पुन्हा बाहेरून, उंचावरून, संध्याकाळच्या दिव्यांत काढलेली. नैऋत्येचा तिरका पाऊस बाराव्या डब्यासमोर उभ्या बाईपर्यंत पोचतो की नाही, हे त्या चित्रात दिसत नाही. ते कळतं आडव्या छेदात: छताची उंची किती, पागोळ्या कुठे पडतात, फलाटाची कड छपराच्या आत की बाहेर.

पनवेल-कर्जत उपनगरी मार्गासाठी चिखले, मोहोपे, चौक इथे स्थानकं नव्यानं उभी राहत आहेत. त्यांची दर्शनी चित्रं छापणाऱ्यांना एवढीच विनंती, की शेजारी फलाटाचा छेदही छापा.