थेट प्रक्षेपणातला तिसरा माणूस

मराठीतल्या गप्पांच्या ‘लाइव्ह’मध्ये हल्ली एक वाक्य हमखास ऐकू येतं आणि दर वेळी माझा संताप होतो: ‘प्रश्न कॉमेंटमध्ये टाका, शेवटी घेऊ.’ शेवट तासाभराने येतो. तोवर विचारणारा निघून गेलेला असतो, विषयही कुठल्या कुठे पोचलेला असतो. मग घाईघाईत चार नावं वाचायची आणि निरोप घ्यायचा. असंच करायचं असेल तर थेट येण्याचं कारण काय?

२०२०च्या टाळेबंदीत फेसबुकवर झालेली काव्यवाचनं बहुतेक विसरली गेली, ते योग्यच झालं. २०२१मध्ये अँड्रॉइडवर आलेलं क्लबहाउस हे आवाजी गप्पांचं अ‍ॅप तितक्याच वेगाने ओसरलं. आधी चित्रित केलेली मुलाखत ‘प्रीमियर’ म्हणून सोडून शेजारी चॅट पळवण्याच्या प्रकाराची तर दखलही घ्यायला नको.

दखल घ्यावी असं घडलं ते बुद्धिबळात. त्याच टाळेबंदीत विनोदवीर समय रैना यूट्यूबवर बुद्धिबळ खेळू लागला. नाशिकचा ग्रँडमास्टर विदित गुजराथी त्याचा नेहमीचा सोबती झाला, विश्वनाथन आनंदही येऊन गेला. भाषा हिंदी-इंग्रजीची सरमिसळ, खेळणारे विनोदवीर बरेचसे कच्चे. पण त्यातली रचना बघा. पट सगळ्यांसमोर मांडलेला, त्यामुळे पाहुण्याला जे दिसतं तेच प्रेक्षकालाही दिसतं. समयचा वजीर मरायला आला की चॅटमध्ये आधी बोंब उठणार, समय चॅटवाल्यांशी हुज्जत घालणार आणि ती खेळी का फसली ते विदित हसत हसत उलगडणार. ‘हँड अँड ब्रेन’ या जोडीने खेळायच्या प्रकारात एकाने फक्त घोडा की उंट एवढंच सांगायचं, तो कुठल्या घरात जाणार हे दुसऱ्याने ठरवायचं. ग्रँडमास्टरच्या मनात काय असेल याचा अंदाज मग खेळणाऱ्याबरोबर सगळं चॅटच बांधू लागतं. ‘तुमच्या प्रवासाविषयी सांगा’ हा प्रश्न इथे लागतच नाही. माणूस हरताना कसा वागतो, यातून तो पुरेसा कळतो.

प्रेक्षकाला असं खेळात ओढणं मराठी मातीला परकं नाही. वसंत सबनिसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ या लोकनाट्यात दादा कोंडके ताज्या घडामोडी आणि समोरचा प्रेक्षक बघून संवाद फुलवत. ही हजरजबाबी परंपरा पाठीशी असताना आपले यजमान छापील प्रश्नावलीला चिकटून का बसतात?

प्रक्षेपण प्रेक्षकापर्यंत पोचण्यातल्या विलंबाची सबब सांगितली जाते. यूट्यूबवर तो कमी करण्याची सोय आहे, आणि उरलेली काही सेकंदं थांबण्यात कसली नामुष्की? खरी भीती शांततेची आहे. दोन क्षण कुणी बोललं नाही तर प्रेक्षक जातील, ही भीती. मला ती मान्य नाही. प्रेक्षक जातो तो आपल्या येण्या-न येण्याने काही फरक पडत नाही हे त्याला उमगतं तेव्हा. यूट्यूबच्या सुपरचॅटने तर उघड दर लावला: पैसे भरणाऱ्याचं वाक्य रंगीत पट्टीत वर टिकतं, बाकीच्यांचं वाहून जातं. यजमानाने निदान ती पैशांची शिडी नाकारावी. चॅट वाचायला जाणता माणूस बसवावा, त्याला मधेच बोलणं तोडण्याचा अधिकार द्यावा. पाहुण्याला प्रश्न आधी कळवू नयेत. एखाद्या अनोळखी प्रेक्षकाच्या प्रश्नावर तो अडखळला, आपलं मत बदलू लागला, तर ठरवलेले उरलेले सगळे प्रश्न सोडून द्यावेत आणि त्याच प्रेक्षकाला पडद्यावर बोलवावं.