केबल ट्रेची रुंदी : इमारतीच्या संगणकीय प्रतिमानातील मापांची चिकित्सा

इमारतीच्या आराखड्यात विद्युत केबल वाहून नेणाऱ्या व्यवस्थेस, म्हणजेच ट्रे, ट्रंकिंग आणि कॉन्ड्युट यांना, नेहमीच दुय्यम स्थान मिळत आले आहे. कागदी नकाशांच्या काळात ट्रे ही एक रेघ असे आणि तिची नेमकी जागा बहुधा बांधकामस्थळी, शिडीवर उभे राहून ठरविली जाई. त्रिमितीय प्रतिमानाने ही सवलत काढून घेतली. 'रेव्हिट' या संगणकप्रणालीत केबल ट्रे व कॉन्ड्युट यांसाठी स्वतंत्र साधने २०१० मध्ये, 'रेव्हिट एमईपी २०११' या आवृत्तीत आली आणि रेघेस रुंदी व उंची प्राप्त झाली. ही मापे अचूक असल्याचे सर्रास गृहीत धरले जाते. हे गृहीतक कितपत टिकते, याची तपासणी येथे अभिप्रेत आहे.

प्रणालीतील केबल ट्रेला आडव्या छेदाची दोनच मापे आहेत : रुंदी आणि उंची. ही मापे आतील की बाहेरील, हे सांगणारा रकाना तेथे नाही. व्यवहारात मात्र हा भेद निर्णायक ठरतो. उत्पादकाच्या माहितीपत्रकातील रुंदी बहुधा केबल ठेवण्यासाठी उपलब्ध असलेली आतील रुंदी असते. बाजूच्या पट्ट्यांच्या बाहेर वळलेल्या कडा तिच्यात धरलेल्या नसतात. समजा, ३०० मिलिमीटर रुंदीच्या ट्रेच्या दोन्ही कडा प्रत्येकी २० मिलिमीटर बाहेर आलेल्या आहेत. असे तीन ट्रे शेजारीशेजारी टेकवून मांडल्यास प्रतिमानात ९०० मिलिमीटर दिसतात आणि छताखाली १०२० मिलिमीटर व्यापतात. वातानुकूलनाचा डक्ट आणि तुळई यांच्यामध्ये १००० मिलिमीटर जागा शिल्लक असेल, तर संगणक टक्कर नसल्याचा निर्वाळा देतो आणि फिटरला तिसरा ट्रे बसविता येत नाही. शिडीसारख्या ट्रेमध्ये उंचीची गुंतागुंत याहून अधिक आहे. तिच्या आडव्या पायऱ्या बाजूपट्टीच्या उंचीतील काही भाग खातात. त्यामुळे बाजूपट्टीची उंची आणि केबलसाठी उपलब्ध खोली या दोन निराळ्या संख्या होतात.

मूळ प्रश्न असा, की एकाच संख्येकडून दोन प्रश्नांची उत्तरे मागितली जात आहेत. ट्रे इमारतीत मावेल काय, याचे उत्तर बाहेरील माप देते. केबल ट्रेमध्ये मावतील काय, याचे उत्तर आतील माप देते. दशांश चिन्हापुढे कितीही अंक लिहिले तरी ही उणीव भरून निघत नाही.

विशेष म्हणजे याच प्रणालीने कॉन्ड्युटच्या बाबतीत हा भेद मान्य केला आहे. कॉन्ड्युटच्या कोष्टकात नाममात्र आकार, आतील व्यास, बाहेरील व्यास आणि वाकविण्याची किमान त्रिज्या अशा स्वतंत्र नोंदी असून त्या मानकनिहाय ठेवल्या जातात. याचे कारण अमेरिकी बाजारपेठेत सापडते. तेथे 'अर्धा इंच' हे केवळ नाव आहे. पातळ भिंतीच्या ई.एम.टी. नळीचा बाहेरील व्यास १७.९ मिलिमीटर व आतील १५.८ मिलिमीटर असतो. त्याच नावाच्या जाड भिंतीच्या पोलादी नळीचा बाहेरील व्यास २१.३ मिलिमीटर भरतो. या दोहोंसाठी वापरला जाणारा '१६' हा मेट्रिक निर्देशांकही मोजपट्टीवर जसाच्या तसा सापडत नाही. गोल नळीला दिलेला हा न्याय चौकोनी ट्रेला नाकारण्याचे तांत्रिक कारण दिसत नाही.

भारतात प्रश्न वेगळ्या बाजूने उद्भवतो. आय.एस. ९५३७ नुसार '२५' हा कॉन्ड्युटचा बाहेरील व्यास असतो आणि भिंतीची जाडी आतून वजा होते. अमेरिकी कोष्टकाचा आयता साचा घेऊन त्यात नवी ओळ भरताना २५ हा आकडा आतील व्यासाच्या रकान्यात टाकण्याची चूक सहज घडू शकते. भिंत दीड मिलिमीटरची धरल्यास आतील व्यास २२ मिलिमीटर येतो आणि उपलब्ध क्षेत्रफळ अपेक्षेच्या सुमारे ७७ टक्केच राहते. अशा नळीत तारांनी प्रत्यक्षात ४५ टक्के जागा व्यापली असता प्रतिमानावर आधारलेली आकडेमोड ३५ टक्के दाखविते. अमेरिकेच्या 'नॅशनल इलेक्ट्रिकल कोड'मधील तीन वा अधिक तारांसाठीची ४० टक्क्यांची मर्यादा लावली, तर नापास व्हावयाची नळी उत्तीर्ण होते! तारा ओढताना त्यांच्या आवरणास होणारी इजा आणि कोंडलेली उष्णता यांची नोंद मग कोणत्याच पडद्यावर उमटत नाही.

टक्कर-तपासणीच्या वेळी सर्व घटकांभोवती सरसकट ५० मिलिमीटर मोकळीक धरावी, असा उपाय काही वेळा सुचविला जातो. तो आळशीपणाचा आहे. अशाने खोट्या टकरींची यादी फुगते आणि तपासणारा खऱ्या टकरीही न वाचता पुढे सरकवू लागतो. त्यापेक्षा भूमिती बाहेरील मापाने रेखाटावी आणि आतील रुंदी व वापरयोग्य खोली यांसाठी स्वतंत्र नोंदी जोडून केबलभरणाची आकडेमोड त्यांवर करावी, हा मार्ग अधिक ग्राह्य वाटतो. त्यातही अडचण आहेच : खरेदीच्या यादीत बाहेरील माप उतरले, तर ३०० ऐवजी ३४० चा ट्रे मागविला जाईल. म्हणून यादीतील रकान्यात उत्पादकाचे नाममात्र माप वेगळे दाखवावे लागते. हे काम कंटाळवाणे आहे, आणि प्रकल्पाच्या घाईत ते प्रथम गाळले जाते.

अभियांत्रिकी व वास्तुशास्त्राच्या महाविद्यालयांत ही प्रणाली शिकविताना भर आज्ञांवर राहतो. ट्रेचा तुकडा हातात घेऊन त्याची आतील व बाहेरील मापे घेणे आणि ती माहितीपत्रकाशी ताडून पाहणे, हा अर्ध्या तासाचा प्रात्यक्षिक पाठ क्वचितच आढळतो. वास्तविक बहुतेक महाविद्यालयांच्या संगणक प्रयोगशाळेत भिंतीवरून जाणारी ट्रंकिंग विद्यार्थ्यांच्या डोळ्यांसमोरच असते.

करारपत्रांतील भाषाही या बाबतीत अपुरी पडते. तपशिलाची पातळी 'एल.ओ.डी. ३५०' असावी एवढे लिहिले, की आधार, टांगण्या आणि लगतच्या घटकांशी येणारा संबंध दाखविणे अपेक्षित होते. तथापि ट्रेची नोंदविलेली रुंदी कोणत्या दोन बिंदूंमधील आहे, हे त्यातून आपोआप ठरत नाही. २०१८ च्या आय.एस.ओ. १९६५० मानकाने माहिती कोणत्या हेतूसाठी हवी, हे आधी निश्चित करण्यावर भर दिला आहे. त्या अनुषंगाने मागणीपत्रकात ट्रेच्या ओळीपुढे 'आतील', 'बाहेरील' आणि 'नाममात्र' असे तीन रकाने प्रकल्पाच्या आरंभीच छापून घेता येतात.